जुना गुणवंत

“‘...आणि माझ्या पत्नीने संसारासाठी आपलं गाणंही सोडलं.’ हे वाक्य कसं वाटतं, पद्मा?” गुणवंतरावांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहत विचारलं.

पद्मजाच्या हातातली इस्त्री धाकट्या भावाच्या शर्टावर थांबली ती थांबलीच. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. आईला जाऊन आज महिना झाला होता. दहा वाजता चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ उपासना होती, आणि त्या उपासनेत साक्ष द्यायला उभे राहणार होते ते हे... तिचे पती! पांढराशुभ्र सदरा, नीट पाडलेला भांग, हातात सुवाच्य अक्षरातले दोन कागद.

“पुढे वाचा,” ती म्हणाली.

ते वाचू लागले. दारूच्या आहारी गेलेला एक पापी, बदलीच्या निमित्ताने नागपूरला जाऊन अकरा वर्षं बायकामुलांकडे न फिरकलेला, तिथल्या एका प्रार्थनासभेत गुडघे टेकून रडला. त्याचा नवा जन्म झाला. जुना गुणवंत त्या दिवशी मेला. परतून आल्यापासूनच्या सहा वर्षांत ही साक्ष पद्मजाने किती वेळा ऐकली होती! ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत, बायका आईचा हात धरून म्हणत, ‘चंद्रप्रभाबाई, तुमच्या प्रार्थना फळल्या हो.’ आई हसे. पद्मजा आतल्या आत जळत असे. जुना गुणवंत मेला म्हणे... किती सोयीचं मरण! दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटल्यावर मुनीरक्याच्या एका खोलीत जिने कॉलेजची पुस्तकं बांधून ठेवली, कारकुनीची परीक्षा दिली, भावाला इंजिनियर केलं, आलेली स्थळं परत पाठवली, तिने जाब विचारायचा तो कुणाला? मेलेल्याला? आणि हा जो नवा माणूस आर. के. पुरमच्या, तिच्या नोकरीमुळे मिळालेल्या सरकारी घरात आईच्या हातचं गरम जेवत होता, तो तर म्हणे निष्पाप.

“तिने गाणं सोडलं नाही,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “तुम्ही तिला मारलंत.”

“मी कबूल करतो ना, बेटा. मी तिला फार त्रास...”

“त्रास नाही. तारीख सांगते. शहाऐंशीचा गुड फ्रायडे. गायनमंडळाच्या सरावाहून ती उशिरा आली म्हणून तुम्ही तिच्या डाव्या कानाखाली मारलीत. दोन दिवस उशीवर रक्त होतं. ईस्टरला ती गायला उभी राहिली आणि तिचा सूरच लागेना. कानात नुसती शिट्टी वाजत होती. त्यानंतर ती कधी गायली नाही.”

गुणवंतरावांच्या ओठांवरचा रंग उडाला. “कान टायफॉइडने गेला ना? मी नसताना. तिनेच सांगितलं मला.”

“तुम्ही शुद्धीत असता तर तेव्हाच दिसलं असतं. मलाही शपथ घातली तिने. ‘ते आता देवाचे झालेत, पद्मा, हे ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला?’ देवाने तुम्हाला क्षमा केली, छान झालं. पण मार देवाला नव्हता बसला.”

दारात बनियनवर उभा असलेला श्यामकांत, काल रात्रीच मानेसरच्या नोकरीवरून आलेला, हळूच म्हणाला, “ताई, बस ना यार. आज नको. आणि माझा शर्ट जाळलास ना तू?”

“दुसरा घाल.”

“दुसरा निळा आहे.”

“मग निळा घाल.”

ऑटो चर्चपाशी थांबली. उतरताना श्यामकांत कुजबुजला, “तू चर्चमध्ये तमाशा नाही करणार, प्रॉमिस?”

“ते वाक्य त्यांनी वाचलं, तर मी तिथेच उभी राहून खरं काय ते सांगणार. आईला दिलेलं वचन मोडून बसलेय, तुला नवं कुठून देऊ?”

पाळकांनी नाव पुकारलं. गुणवंतराव पुढे जाऊन वाचू लागले, तीच दारू, तेच नागपूर, तेच अश्रू. पद्मजाने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. ‘आणि माझ्या पत्नीने संसारासाठी...’ ती उठून उभी राहिली. सगळ्या माना वळल्या.

गुणवंतरावांनीही तिला पाहिलं. कागद खाली आला.

“हे खोटं लिहिलंय मी,” ते म्हणाले. “मी तिला मारलं. तिचा कान या हाताने फोडला. मला आज सकाळी कळलं. म्हणजे... मारल्याचं ठाऊकच होतं. पण ते सगळं मी जुन्या गुणवंताच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. तो मेलेला नाही. तो मीच आहे.”

“गुणवंतराव,” पाळक मृदूपणे म्हणाले, “प्रभूने ते सारं धुऊन टाकलंय. बसा आता.”

“धुतलं असेल, पाळकसाहेब. पण नेमकं काय धुतलं गेलंय हे माहीत असूनही ती सहा वर्षं माझ्यापुढे ताट ठेवत होती. आणि मला वाटत होतं, क्षमा फुकट मिळते.” ते लेकीकडे वळले. “पद्मा, तुझ्याकडे मी काही मागत नाही. तू म्हणालीस ते खरं आहे, एवढंच.”

पद्मजा उभीच होती. तिने जे बोलायचं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं, आणि तिला विजयासारखं काहीच वाटत नव्हतं. राग तसाच होता, जागच्या जागी, ऊन ऊन. पण त्या गुड फ्रायडेच्या माणसावर गेली अठरा वर्षं ती एकटीच रागावत आली होती. आई रागवायची नाही, श्याम तेव्हा लहान... आज तिच्याइतकाच त्या माणसावर संतापलेला आणखी एकजण समोर उभा होता. कित्येक रविवार तिने गुडघे टेकून मागितलं होतं, की एक तर याला शिक्षा दे, नाही तर माझ्या अंतःकरणातला हा जाळ विझव. दोन्हींतलं काहीच झालं नव्हतं. जे होत होतं ते तिने मागितलेलं नव्हतं.

गुणवंतरावांनी दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवले. ती चालत पुढे गेली, त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना आपल्या बाकापर्यंत घेऊन आली.

“रागावलीयस ना अजून?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“हो,” पद्मजा म्हणाली. “जरा सरकून बसा. श्यामला जागा द्या.”