चाळिसाव्या दिवसाचे गहू

दर गुरुवारी मी डोंगरातल्या गावांत तपासणीला जाते. ऱ्होडोपी पर्वताच्या या भागात मेंदूची आणि मज्जातंतूंची डॉक्टर मी एकटीच, त्यामुळे अर्धशिशी, फेफरं, कंपवात, पायाला मुंग्या, सगळं माझ्याच वाट्याला येतं. वीस वर्षांत तेच ते पाहून मी पार विटले होते. म्हणून स्तामेनला तपासलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंदच झाला.

स्तामेन हा चीज बनवणारा म्हातारा. मार्चमध्ये त्याला मेंदूचा छोटासा झटका आला. हातपाय, बोलणं, सगळं शाबूत राहिलं. फक्त बायको परकी झाली.

“बाई चांगली आहे हो, डॉक्टरबाई,” तो तिच्यासमोरच म्हणाला. “तोंडावळा तोच, आवाज तोच. सूपमध्ये मीठसुद्धा तेवढंच घालते. पण ही माझी झ्लातिना नव्हे. माझी वारली.”

“वारली म्हणे! मग छत्तीस वर्षं तुझे मोजे कोण धुतंय, मेल्या?” झ्लातिना हसली, पण बघत माझ्याकडे होती.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. चेहरा ओळखणारी जागा ठीक आहे, पण आपलं माणूस पाहून आत जी ऊब वाटते ती त्याला वाटेनाशी झाली आहे. ऊब नाही म्हणजे बायको नाही, असं त्याचा मेंदू धरून चालतो. आजार दुर्मीळ, पण कधीकधी आपोआप बरा होतो.

“मग तो मला परत ओळखेल?”

“ओळखेल. तोवर वाद घालायचा नाही. म्हणेल त्याला हो म्हणायचं.”

हा सल्ला माझा. दुसऱ्या कुणाचा नाही.

आठवड्याभरात स्तामेनने तिचा फोटो घातलेला मृत्यूचा कागद छापून आणला आणि फाटकावर चिकटवला, जसा इथे माणूस गेल्यावर प्रत्येक घरी चिकटवतात. झ्लातिनाने मला फोन केला. फाडू का, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, त्याचं मन शांत होईल.

मग कागद लावल्यापासूनचा चाळिसावा दिवस आला. त्या दिवशी गहू उकडून, साखर-अक्रोड घालून मेलेल्याच्या नावाने वाटतात. स्तामेनने कधी स्वयंपाक केला नव्हता. तिनेच उकडले, तिनेच फाटकाशी उभं राहून वाटले.

“अगं बाई, तुझ्याच हातचे तुझे गहू!” शेजारची कुना खिदळली. “आता साखरेत तरी कंजुषी करू नकोस.”

पण मेलेल्याच्या नावाचं कुणी नाकारत नाही. ओंजळ पुढे करायची आणि ‘देव तिला क्षमा करो’ म्हणायचं. कुना म्हणाली. पाववाला म्हणाला. पहिले चारपाच जण हसत म्हणाले, नंतरचे नुसतेच म्हणाले. गुरुवार होता, मी गावातच होते; मीही ओंजळ केली. गहू कोमट आणि चिकट होते. तिच्या डोळ्यांत बघत मी म्हटलं, “देव तिला क्षमा करो.”

तिने मान खाली घातली आणि पुढच्याला वाढलं.

जूनमध्ये ती एकटीच माझ्या दवाखान्यात आली.

“कुना माझ्याशी बोलत नाही. पावाच्या रांगेत मी पुढे असते आणि माझ्या मागच्याला पाव मिळतो. डॉक्टरबाई, तुम्ही गावात येऊन सगळ्यांना सांगा, मी आहे म्हणून. तुमचं ऐकतील.”

स्वतःला मेलेलं समजणारा रुग्ण! एकाच घरात दोन दुर्मीळ आजार. मी मनातल्या मनात सोफियाच्या परिषदेसाठी निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. मनगटाला नाडी लागेना. माझी बोटं त्या दिवशी गार होती.

“येईन हं,” म्हटलं आणि तिला वाटेला लावलं. गेले नाही.

ती गेल्यावर नर्स आत डोकावली. “आत कुणी नव्हतं, तर पुढच्याला का नाही बोलावलंत?”

सप्टेंबरमध्ये स्तामेनने घरी बोलावलं. दुपारची वेळ होती. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो टेबलाशी बसला होता. चेहरा नुसता फुलला होता.

“ओळखलं मी तिला! सकाळी चुलीपाशी उभी होती, आणि मला एकदम भरूनच आलं. माझीच की हो ही! किती छळलं मी बिचारीला.”

शेजारच्या खुर्चीवर, हवेत, तो केसांवरून फिरवावा तसा हात फिरवत होता. मग कान देऊन त्याने काहीतरी ऐकलं.

“ती म्हणते, तिच्याकडे बघून एकदा तिचं नाव घ्या. एवढंच.”

मी खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती.

नाव घ्यायला काय जात होतं माझं? पण घेतलं असतं तर माझा सल्ला, ती ओंजळ, जूनमध्ये न जाणं, सगळंच कबूल करावं लागलं असतं, आणि मी भ्याले.

“बायको गेली की अशी दिसते कधीकधी,” मी म्हटलं. “गोळी देते. आठवड्यात दिसायची बंद होईल.”

“बंद?” त्याचा हात थांबला. “नको हो. आत्ता कुठे सापडलीय.”

मी चिठ्ठी लिहायला घेतली.

कागद सरकला. खिडक्या बंद होत्या.

पुन्हा सरकला. त्या खुर्चीच्या दिशेने, हलकेच, कुणी विनवत ओढावा तसा.

मी डाव्या हाताने तो दाबून धरला आणि सही केली.