सात नंबरची खाट

तो मला पहिल्यांदा दिसला पाठमोरा... अतिदक्षता विभागात हात न धुता शिरताना.

"थांबा! आधी हात."

"स्वच्छच आहेत हो," म्हणत तो वळला. नखांत काळं वंगण! लिफ्ट दुरुस्त करायचा तो. सात नंबरच्या खाटेवर त्याची आई होती. ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर. गुंगीचं औषध थांबवून दोन दिवस झाले, तरी डोळे उघडेनात.

"आईला असं अर्धवट बसवून का ठेवलंय?"

"आडवं ठेवलं तर पोटातलं घशाशी येतं, नळीच्या कडेनं फुप्फुसात उतरतं. मग न्यूमोनिया. म्हणून डोकं वर, आणि तोंड दिवसातून चारदा साफ."

"चारदा? मी तर एकदाच, तेही कुरकुरत..."

"नखांवरून कळतंच आहे."

तो हसला. मास्कमागे मीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर खाट सपाट! कठड्यावरच्या बटणानं मी वर केली. तासाभरानं पुन्हा सपाट. वॉर्डातल्या मावशींना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कुणी हातही लावला नव्हता. भर दुपार, पांढरे पडदे, आणि सगळी यंत्रं एका लयीत श्वास घेणारी...

संशय त्याच्यावरच आला.

"खाट तुम्ही खाली करता?"

त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर, मी आईच्या जिवाशी खेळेन?"

तेवढ्यात घुर्रर्र आवाज झाला. आमच्या डोळ्यांदेखत खाट हळूहळू खाली जाऊ लागली. आईचा मेणासारखा चेहरा मागे, मागे... मी त्याची बाही घट्ट धरली.

"यंत्र आपणहून हलत नाही," तो पुटपुटला. "कुणीतरी बटण दाबतं."

त्यानं चादर उचलली. खाटेचा रिमोट आईच्या तळव्याखाली होता, आणि अंगठा बटणावर रोवलेला.

"आई?"

अंगठा थांबला. मग हळूच उचलला गेला... आणि पुन्हा टेकला.

"डॉक्टर!" मी ओरडले, तोवर दुसऱ्या हातानं खाट वर केलीही होती. तो रडत होता. बाही मात्र मी सोडली नव्हती.

त्यानंतर चौथ्या दिवशी नळी निघाली. फुप्फुसं स्वच्छ होती. घोगऱ्या आवाजात आई पहिलं वाक्य बोलल्या, "मान अवघडली होती मेली!"

त्यांना साध्या वॉर्डात हलवायची वेळ आली. तो दाराशी घुटमळला.

"उद्यापासून इथं यायला... कारण नाही उरणार."

"मग?"

"मग... म्हणजे..."

व्हीलचेअरमधून आई डोळे मिटूनच बोलल्या, "मला सगळं ऐकू येत होतं, पोरी. रोज माझ्या कानाशी बसून हा तुझंच सांगायचा. म्हणायचा, आई, तू बरी हो, पण जरा सावकाश!"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही. तो कानापर्यंत लाल झाला.

"रविवारी सुट्टी असते मला," मी म्हटलं. "पण यापुढं जे सांगायचं, ते माझ्या कानात."