नौयातच्या रस्त्यावरचे पुढारी

ट्रकमध्ये चढल्या चढल्या हेमांगी परचुरेने रस्त्यालाच विचारलं, "काय रे, तापबीप नाही ना?" समोरच्या पडद्यावर रस्त्याच्या पोटातलं तापमान उमटलं: उणे चार. तिचा जीव भांड्यात पडला.

उत्तर ध्रुवाकडच्या नौयात खाडीकाठची जमीन एके काळी बारमाही गोठलेली असे. आता उन्हाळ्यात तिचा नुसता चिखल होई. म्हणून हेमांगीने रस्त्याखाली 'गोठणखांब' पुरले होते. ते जमिनीतली ऊब शोषून वर हवेत सोडत. आज चाळीस टनांचा ट्रक रस्ता न खचता धक्क्यापासून गावात चारच्या आत पोचला, तरच नव्या बंदराला मंजुरी. नाहीतर तिच्या सात वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

साडेतीनला ट्रक दलदलीच्या पट्ट्यापाशी आला. गावातर्फे शेजारी बसलेल्या आलासी या म्हाताऱ्या शिकारणीने काठी आडवी धरली. "थांबव!"

पुढे रस्त्यावर पाच कॅरिबू उभे होते. तिकडची ही थोराड हरणं चिखलाला भिऊन अकरा वर्षं इकडे फिरकली नव्हती.

"हॉर्न वाजवते," हेमांगी म्हणाली.

"खुळी की काय! हे कळपाचे पुढारी. यांना आधी जाऊ द्यायचं, मग मागचे येतात. हे बिथरले तर कळप ही वाट कायमची टाकेल."

पुढाऱ्यांसाठी अडवलेले रस्ते हेमांगीने पुण्यात पुष्कळ पाहिले होते. शिंगं असलेले पुढारी मात्र पहिलेच. चारला अर्धाच तास उरला होता. तरी तिने इंजिन बंद केलं.

पाचही जण रमतगमत पुढे गेले. मग टेकडीमागून कळप लोटला, शेकडो जनावरं, रस्ता खच्चून भरून. चार वाजले, वाजूनही गेले.

"मॅडम, ट्रक कुठंय?" रेडिओवर मंजुरी समितीचे अध्यक्ष खेकसले.

"उभा आहे, सर. तुमच्या पडद्यावर रस्त्यावरचं वजन बघा!"

अध्यक्षांनी आकडे वाचले. "दलदलीच्या पट्ट्यावर... नव्वद टन? आणि तापमान?"

"उणे चार!" हेमांगी ओरडली.

"मग ट्रक कशाला हवा? मंजूर!"

हेमांगीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. आलासीने तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. शेवटचं पाडस उतरून जाईपर्यंत दोघी डोळे भरून बघत राहिल्या.

"रस्ता झकास केलास, पोरी," आलासी म्हणाली. "त्यांनाही पसंत पडला. आता दर वर्षी येतील. पण बंदर झालं की गाड्याही रोज येतील. तू घरी गेल्यावर त्या कोण थांबवणार?"