शारदीय नको, बारमाही

चौसाळ्याच्या बॅनरच्या दुकानात लखन आला आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या योगिताने मुद्दाम पडद्यात डोकं खुपसलं. दर साली हा मेंढपाळ नवरात्र मंडळाचं बॅनर करून घ्यायला येतो, नको तेवढं गोड हसतो, आणि दसरा झाला की मेंढरं घेऊन गंगाथडीला, गोदाकाठी गायब. पाऊस येईपर्यंत ना फोन, ना निरोप!

"नेहमीचंच लिहा, शारदीय नवरात्र महोत्सव," तो म्हणाला. मग हळूच, "शारदीय म्हंजी काय वो?"

"शरदातलं. आश्विन-कार्तिक सरला की तेबी सरलं." पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "तुमच्यावानी."

"मी... शारदीय?"

"न्हाई तर काय! मला बारमाही माणूस पायजे." तिने आता नजर वर केली. "कोजागिरीला परळीचं स्थळ बघायला येतंय. बोलायचं आसंल तर दसऱ्याच्या आत आमच्या तात्यांशी बोला."

लखन मान खाली घालून निघून गेला.

घटाच्या सगळ्या माळा झाल्या, तरी पठ्ठ्या फिरकला नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी गाव शिलंगणाहून परतलं. योगिता ताट घेऊन दारात उभी. शिलंगणाहून आलेल्याला ओवाळायचं, पण फक्त घरच्या पुरुषांना. बाकीच्यांनी सोनं द्यायचं, पाया पडायचं, पुढचं घर गाठायचं. वडील तात्या आणि धाकटा भाऊ युवराज, दोघांना ओवाळून झालं. अख्खी गल्ली आपट्याची पानं देऊन गेली. पलीकडच्या माळावर मेंढपाळांची बिऱ्हाडं घोड्यांवर लादायची गडबड चालली होती. मेलं, रडूच यायला लागलं तिला.

आणि... लखन! टोपीत घटाचा तुरा, छाती धपापलेली. तात्यांच्या हातात सोनं ठेवलं, पाया पडला, आणि पुढच्या घरी गेलाच नाही.

"तात्या, यंदा मेंढरामागं थोरला भाऊ जातोय. मी हितंच गोठा टाकतोय. बापाला पटवता पटवता दसरा उजाडला... मला योगिता पायजे. बारा महिने."

"परळीकरांना या म्हनलंय मी," तात्या कडक आवाजात म्हणाले.

योगिता ताट घेऊन उंबऱ्याबाहेर आली.

"तात्या, मला बी ह्योच पायजे," योगिता बोलून गेली, आणि स्वतःच दचकली.

तात्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा लखनकडे. हातातलं आपट्याचं पान उलटंसुलटं केलं.

"योगे," तात्या शेवटी खेकसले, "वात इझायची वाट बघतीस व्हय? ववाळ की त्याला!"