भुशातले लाल कण

"धर, धर! परत कलंडला!" मामा ओरडला.

बुटकीने झेप घेऊन कापसाला सावरलं. सुट्टी लागली त्याच दिवशी प्राण्यांच्या दुकानातून घरी आणलेला तिचा पांढराशुभ्र ससा! दोन दिवसांपासून एक डोळा आभाळाकडे, एक मातीकडे अशी मान वाकडी करून तो नुसता गिरक्या घेत होता.

"लाडात आलाय गं!" दुकानदार हसला होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "परजीवी दिसतोय. सशाच्या मुतातून पसरतो. रक्त तपासू. तुम्ही हात साबणाने धुवा. घरी कुणी आजारी आहे?"

"मामा..." बुटकीचा आवाज चिरकला. मामाला नवं मूत्रपिंड बसवलेलं. ते टिकावं म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती कमी ठेवलेली. आणि पिंजरा रोज तोच झाडायचा!

"मग त्याचीही तपासणी आजच!"

कापसाची रवानगी मित्राच्या, चष्मिसच्या गॅरेजमध्ये झाली.

"दुकानातल्या पिंजऱ्यांतल्या भुशाला कुबट वास का येतो गं?" चष्मिसने विचारलं. "रोज ताजा घालतो म्हणे!"

"ताजा? बघूच!"

दुसऱ्या दिवशी चष्मिसने दुकानदाराला पोपटाबद्दल विचारून विचारून भंडावलं. तेवढ्यात बुटकीने हातमोजे घालून, बिटाच्या रसात रंगवलेला मूठभर भुसा दुकानातल्याच आणखी एका वाकड्या मानेच्या सशाच्या पिंजऱ्यात मिसळला. तीन दिवसांनी ते लाल कण नव्या पिल्लांच्या पिंजऱ्यात चमकत होते!

दोघं डॉक्टरीणबाईंना घेऊनच दुकानात शिरली.

"काका, ताजा भुसा ना?"

"आत्ताच पोतं फोडलंय!"

"मग हे लाल कण कुठून आले?"

दुकानदाराचा चेहरा खर्रकन उतरला. "जुनाच गच्चीवर वाळवून परत घालतो हो... वाळल्यावर काय राहतं त्यात?"

"रोग राहतो!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

विक्री थांबली, पिंजरे धुतले गेले, औषधं सुरू झाली. मामाचा अहवालही चांगला आला.

कापसाने औषध घेतलं, पण घास घेतला नाही. एका सकाळी तो निजला तो निजलाच. पोरांनी त्याला कुंपणापाशी पुरलं.

"बारा ससे वाचवलेत रे! आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने दोघांची पाठ थोपटली.

"तेरा हवे होते," बुटकी म्हणाली, आणि मामाच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली.