पहिल्या नंबरचा सिनेमा

स्वराज गेला त्या वर्षी राक्षस मंडळ भरणार नाही, असं शेखरने गृहीत धरलं होतं. पण भाऊबीज झाली आणि येवल्याहून राखीचा फोन आला. "काका, रविवारी येऊ ना आम्ही? दरवर्षीसारखं?"

शेखरच्या तोंडून हो निघून गेलं. मैनाला सांगायला तो स्वयंपाकघरात गेला, तर ती पाठमोरीच म्हणाली, "ऐकलं मी. येऊ देत. चिवडा उरलाय खूप."

राक्षस मंडळ हे नाव त्यांच्या पोराने, स्वराजनेच ठेवलेलं. मंडळात तो, त्याच्या कॉलेजातली राखी, तिथलाच नवनाथ आणि शेखर, एवढीच माणसं. वेड एकच, जुने जपानी सिनेमे. समुद्रातून नाहीतर बर्फातून अजस्र प्राणी उठतो, पुठ्ठ्याची शहरं तुडवतो, खेळण्यातले रणगाडे त्याच्यावर फटाके उडवतात. शेखर हे सिनेमे लहानपणी सटाण्याला बघायचा, कांद्याच्या चाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भाड्याच्या व्हिडिओवर. पुढे पॉलिटेक्निकात स्ट्रक्चर शिकवायला लागला, तरी वेड गेलं नाही. उलट तो हिशोब करून सांगायचा, की एवढं धूड उभंच राहू शकत नाही, पहिल्या पावलाला पायाच्या हाडांचा चुरा होईल. त्यावर स्वराज म्हणायचा, "बाबा, हिशोब बाहेर. चपलांशेजारी."

दिवाळीनंतरच्या रविवारी चौघं बसायचे, प्रत्येकजण आपले दहा सिनेमे नंबराने सांगायचा आणि मग संध्याकाळपर्यंत भांडण. खेकडा वरचा की दोन शेपट्यांचा? पाठीवरची चेन दिसते म्हणून बर्फातल्या हत्तीचे मार्क कापायचे का? नवनाथ म्हणायचा, चेन दिसते तिथंच खरी मजा हाय, आत एक माणूस घामाने भिजून नाचतोय हे कळतं.

स्वराजचा पहिला नंबर मात्र कधीच बदलला नाही. तो सिनेमा मंडळात दुसऱ्या कुणी पाहिलेला नव्हता. स्वराजनेही नव्हता पाहिलेला. त्याने तो ऐकला होता.

सात वर्षांचा असताना स्वराजला टायफॉइड झाला होता. ताप उतरेना, पोर झोपेना, आणि त्यातच लाइट गेलेले. तेव्हा शेखरने उशाशी बसून त्याला एक सिनेमा सांगायला घेतला. सटाण्याला पाहिलेला, असं म्हणाला. खरं तर पाहिलेला काही नव्हता. सुचेल तसं जोडत गेला. तळ्यातून एक राक्षस बाहेर येतो. तो आंधळा आहे. त्याचं पिल्लू हरवलंय आणि तो ते चाचपडत शोधतोय. रागाने काही मोडत नाही, पण एवढा मोठा हात चाचपडायला लागला की घरं मोडतातच. घराचं छप्पर तो डबा उघडावा तसं उचलतो, आत हात घालतो आणि जो हाताला लागेल त्याच्या कपाळाला बोटांची मागची बाजू लावून बघतो. माझं आहे का?

हे सांगताना शेखर अंधारात स्वराजच्या कपाळाला बोटांची मागची बाजू लावून ताप बघत होता, म्हणून ते सुचलं. राक्षसाची कातडी सीताफळाच्या सालीसारखी झाली, कारण टेबलावर सीताफळं होती. गावातल्या स्टेशनच्या घड्याळाला लहान काटाच नव्हता, कारण खोलीतल्या घड्याळाचा तो गळून पडला होता. पुढच्या रात्रींनाही तोच सिनेमा, पण शेवट त्याने कधी जुळवलाच नाही. स्वराज झोपला का ते तो मधूनमधून थांबून विचारायचा, आणि स्वराज दरवेळी शेवटाआधी झोपायचा. मग बरा झाला, शाळेत जायला लागला, आणि सिनेमा तेवढ्यावरच राहिला.

मोठा झाल्यावर स्वराज तो शोधायला लागला. जगभरच्या शौकिनांच्या एका फोरमवर त्याने किती वर्षं विचारलं असेल, आंधळा राक्षस, तळं, काटा नसलेलं घड्याळ, कुणी पाहिलाय का? शेखर कितीदा सांगणार होता, अरे, तो मीच रचलाय. पण पोराच्या तोंडावरची ती आशा बघितली की गप्प बसायचा. सांगू पुढे कधीतरी, म्हणायचा. पुढे म्हणजे कधी, ते श्रावणातल्या एका दुपारी संपलं. स्वराज कॉलेजातून गाडीवर घरी येत होता. शहरातल्या द्वारका चौकात कंटेनर वळला.

रविवारी दोघं आले. राखीने आत येताच मैनाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. नवनाथच्या हातात प्रोजेक्टर होता. चिवडा झाला, चहा झाला. नंबरांचा विषय कुणी काढेना.

शेवटी राखी म्हणाली, "काका, एक सांगायचंय. स्वराजचा सिनेमा सापडला."

"कुठला?"

"एक नंबरचा. आंधळा."

शेखरच्या हातात बशी होती. त्याने ती खाली ठेवली.

"तिकडं जपानात एका गावातलं बंद पडलेलं थेटर पाडलं," नवनाथ सांगायला लागला, "तिथं माळ्यावर रीळं निघाली. नाव नाय, गाव नाय. कुणीतरी उतरवून फोरमवर टाकलीत. त्या माणसाने स्वराजचे जुने मेसेज वाचले होते, म्हणून तिथंच त्याच्या नावाने टाकली लिंक." तो थांबला. "त्याला माहीत नव्हतं ना."

"आम्ही पाहिला नाही अजून," राखी म्हणाली. "तुमच्याशिवाय नको वाटलं."

मैना दारात उभी होती. तिने शेखरकडे पाहिलं. नवरा-बायको आत गेले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, पण तो तर तुम्ही रचला होता ना? मी पलीकडच्या खोलीतून ऐकायचे."

"दुसरा कुठलातरी असेल," शेखर म्हणाला. "आंधळा राक्षस काय, कुणालाही सुचेल."

"मग पोरांना सांगताय का, की तो तुम्ही रचला होता?"

"बघू दे त्यांना. त्याच्यासाठी आणलाय त्यांनी."

"मीही बसते," मैना म्हणाली. आजवर ती या सिनेमांना कधी बसली नव्हती.

पडदे ओढले तरी दुपारचं ऊन कडेकडेने आत येत होतं. भिंतीवर पांढरी चादर लावली. सिनेमा काळा-पांढरा होता, खूप ओरखडे पडलेला. आवाज जवळजवळ नव्हताच, नुसती खरखर. नावं नव्हती. एकदम तळंच आलं.

तळ्यामागे डोंगर होता. शेखर पुढे सरकून बसला. पांडवलेण्यांचा डोंगर त्यांच्या खिडकीतून दिसायचा तसाच होता तो, तीच उतरण, तीच बसकी टोकं. डोंगर एकमेकांसारखे असतात, तो मनाशी म्हणाला.

मग स्टेशन आलं. माणसं गाडीची वाट बघत उभी. वर गोल घड्याळ. त्याला लहान काटा नव्हता.

"काका!" राखी कुजबुजली. "बघा!"

शेखर त्या घड्याळाकडेच बघत राहिला.

पाणी हललं आणि तो बाहेर आला. हळू, वाकलेला, हात पुढे करून. कातडी डोळ्या-डोळ्यांची, फुगीर, सीताफळाच्या सालीसारखी. पाठीवर चेन दिसते का ते शेखरने सवयीने शोधलं. नव्हती. वरून हलवणारा दोराही नव्हता. पायाखालची माती दबत होती, ती पुठ्ठ्यावर टाकलेल्या भुश्शासारखी नव्हे, खऱ्या वजनाखाली दबावी तशी. आयुष्यभर शिकवलेलं सगळं त्याला सांगत होतं, की हे उभं राहू शकत नाही. ते उभं होतं.

छप्पर उचललं गेलं. आतली माणसं भिंतीला चिकटली. मोठा हात खाली आला, उलटा झाला, आणि बोटांची मागची बाजू एका म्हातारीच्या कपाळाला लागली. जरा वेळ थांबली. मग हात निघाला, छप्पर परत ठेवायला गेला, आणि ते मोडलं.

हे शेखरने जसंच्या तसं सांगितलं होतं. छप्पर परत ठेवायला जातो आणि मोडतं, तेव्हा स्वराज दरवेळी म्हणायचा, बिचारा.

"बिचारा," शेखरच्या शेजारून मैना म्हणाली.

घरामागून घर गेलं. तोफा आल्या. राक्षसाला त्या कळल्याच नाहीत, पाऊस लागावा तसा तो मान वळवून पुढे गेला. शेखरने सांगितलेला सिनेमा आता संपत आला होता. इथवर आला की स्वराजचा श्वास संथ व्हायचा.

त्याने बाजूला पाहिलं.

राखी झोपली होती. तिचं डोकं नवनाथच्या खांद्यावर होतं आणि नवनाथ तोंड उघडं टाकून झोपला होता. मैनाही झोपली होती. श्रावणापासून जिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, ती उशीला कवटाळून लहान मुलीसारखी झोपली होती.

उठवावं असं शेखरला वाटलं. हात उचलेना.

पडद्यावर शेवटचं घर आलं. छप्पर निघालं. आत अंथरुणावर एक पोरगा होता, पाठ करून निजलेला. हात खाली आला. उलटा झाला.

बोटं कपाळाला लागली.

खूप वेळ काही झालं नाही. शेखर श्वास धरून बसला. असू दे, तो मनात म्हणत होता. त्याचं असू दे.

मग हात हलकेच मागे आला. दोन बोटांनी पांघरूण पोराच्या खांद्यापर्यंत ओढलं. छप्पर या वेळी नीट बसलं, मोडलं नाही. राक्षस उभा राहिला, आणि त्याच्या आंधळ्या चेहऱ्यावर कळत होतं, की हेही नव्हे.

गाव संपलं होतं. शोधायला काही उरलं नव्हतं.

तो वळला. सरळ पुढे चालत आला, पडद्याच्या दिशेने. मोठा होत होत नुसता हात उरला. हात उलटा झाला. बोटांनी अख्खी चादर झाकली.

खोली काळी झाली. पडद्यांच्या कडांचं ऊनही दिसेना.

शेखरच्या कपाळाला काहीतरी लागलं. गार, खडबडीत, अतिशय हलकं.

तो हलला नाही. "मी नाही रे," तो एवढंच म्हणाला. "तो पण नाही आता."

ते जरा वेळ तिथेच राहिलं. मग नव्हतं.

ऊन परत दिसायला लागलं. चादर नुसती पांढरी होती. राखी डोळे चोळत उठली, नवनाथ ओशाळला. "सॉरी काका, लय वाईट झालं, डोळा कसा लागला कळलंच नाय. शेवट काय झाला?"

"सापडत नाही त्याला," शेखर म्हणाला आणि रडायला लागला. श्रावणापासून तो पहिल्यांदा रडत होता. पोरं घाबरून त्याच्याजवळ येऊन बसली. मैना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रचल्याचं त्याने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आता ते कितपत खरं होतं, त्यालाच कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी मंडळाने नंबर लावले. भांडण झालं नाही. जाताना राखीने विचारलं, "फोरमवर टाकू का काका, की स्वराजचा सिनेमा खरा निघाला?" शेखरने होकाराची मान हलवली.

पुढच्या महिन्यात ती एकटीच आली, मैनासाठी येवल्याहून आईने दिलेला डबा घेऊन. मैना मेथी निवडत बसली होती, शेखर पेपर तपासत होता. राखी फोन काढून सांगायला लागली, काका, लोक किती लिहितायत बघा. कुठून कुठून. सगळ्यांना आता आठवायला लागलंय. ब्राझीलमधल्या एकाने लहानपणी टीव्हीवर पाहिलाय. फिलिपिन्सची एक बाई म्हणते, वडिलांबरोबर पाहिला, पण शेवट आठवत नाही.

"आणि हे एक आजोबा," ती म्हणाली. "जपानातलेच, ज्या गावात रीळं सापडली तिथले. शाळेत असताना त्या थेटरात पाहिला म्हणतात. त्यांच्या वेळच्या सिनेमाला आवाज होता. पडद्यामागून एक माणूस गोष्ट सांगायचा, पण कुठल्या भाषेत ते गावात कुणालाच कळायचं नाही. तो मधूनमधून थांबायचा आणि दरवेळी तेच एक विचारायचा. पोरांना ते पाठ झालं होतं, शाळेत एकमेकांना चिडवायचे. त्यांनी त्यांच्या अक्षरात कानावर पडलं तसं लिहिलंय, खाली इंग्रजीतही, अर्थ कुणाला माहीत असेल तर सांगा म्हणून."

"काय लिहिलंय?" शेखरने विचारलं.

राखीने फोन जवळ धरून एकेक अक्षर लावत वाचलं. "झो-पु-रा-सु-का."

शेखरचं पेन थांबलं.

मैनाने मेथीची काडी हातातच धरली. मग पोराचा उच्चार दुरुस्त करावा तशी, अगदी सावकाश म्हणाली, "झोपलास का."