गरीब स्वभावाचा मासा

कोणता मासा कोणासोबत नांदेल, हे त्या दुकानदाराला विचारल्याशिवाय गल्लीत कुणी काचेच्या टाकीत पाणीही भरत नसे. सोयरीक जुळवावी तसे तो मासे जुळवायचा. कोणाला कोमट पाणी लागतं, कोण कोणाचे पर कुरतडतो, सगळं तोंडपाठ. शिवणकाम करणाऱ्या ताईनेही सगळा भार त्याच्यावरच टाकला.

"आईसाठी हवेत, दादा. झटका आल्यापासून ती बोलत नाही. निदान बघत तरी राहील."

त्याने सहा निऑन मासे निवडले. बोटाच्या पेराएवढे, निळ्या रेघेचे. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या तपकिरी सिक्लिडवर गेली. दोन घरांतून परत आलेला मासा. दोन्हीकडे त्याने सोबतचे मासे फस्त केले होते.

"हाही न्या. दिसतो मोठा, पण स्वभावाने गरीब आहे," तो बोलून गेला. चला, ब्याद टळली.

त्या रात्री दुकान बंद करताना मात्र त्याला ते सहा निऑन आठवले. उद्या जाऊन सांगू, उद्या सांगू, असं करत तीन आठवडे गेले. ताई रस्त्याने जाताना दिसली की तो टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्याचं सोंग करायचा. आपलीच आपल्याला लाज वाटायची.

एका दुपारी तीच दुकानाच्या दारात उभी राहिली. चेहरा फुललेला.

"दादा, आई बोलायला लागली! रोज मासे मोजते. चला ना, बघायला."

दुकानाला कुलूप लावून तो तिच्यामागे निघाला.

खोलीत शिलाई मशीन, खाली कापडाच्या चिंध्या, खिडकीशी पलंग. पलंगासमोर टाकी. पाणी स्वच्छ. आत एकच मासा होता. तपकिरी. तो फिल्टरमागे अंग चोरून बसला होता, आणि त्याचे पर झिजून दोऱ्यासारखे झाले होते.

"एक... दोन... तीन..." म्हातारीचं बोट रिकाम्या पाण्यावरून सावकाश फिरत होतं. "सहा."

तो ताईकडे वळला. "ताई, माझं चुकलं. हा मासा खरं तर..."

ताईने चिमूटभर खाणं पाण्यावर भुरभुरलं. दाणे बुडायच्या आतच नाहीसे झाले. सहा ठिकाणी बारीक वलयं उठली.

तपकिरी मासा जागचा हलला नाही.

"बघा ना," ताई म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसा गरीबच आहे बिचारा. हे सहाजण त्याला खाऊच देत नाहीत."



म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"याला घेऊन जा," ती म्हणाली. "तुझा आहे."

त्याने बाही वर करून हात पाण्यात घातला. मनगटाभोवती काहीतरी गार, मऊ फिरलं. मग बारीक चिमटे. त्याने मोजायचं टाळलं. मासा पिशवीत घेतला आणि ताईकडे न बघताच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानातल्या माशांना खाणं घालू लागला. पहिल्या टाकीत हात गेला तसे सगळे मासे मागच्या काचेला जाऊन चिकटले. दुसऱ्या टाकीतही तसंच. तिसऱ्यातही.

कोपऱ्यातल्या टाकीतला तपकिरी मासा तेवढा वर आला आणि ओळखीच्या माणसासारखा त्याच्या बोटाला टेकून राहिला.